डेट पुढे गेलीय...

मराठी विभागाच्या संपादकाने विचारलं, "लेख कशावर देणार?" मी म्हटलं, "क्लोज्ड लूप कंट्रोल सिस्टिमवर." बिचारा खूश झाला. म्हणाला, "सोप्या मराठीत लिही हं, फर्स्ट इयरलापण कळलं पाहिजे." मग मी म्हटलं, "सिस्टिम मुलींच्या पोटातली आहे. पाळीवर लिहितेय." त्याचे कान लाल झाले. पण नाही म्हणाला नाही, म्हणून हा लेख तुमच्यासमोर आहे. मित्रांनो, तुम्हीही पान उलटू नका. पुढे तुमच्याही उपयोगाचं आहे.

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. पण या विषयात माझी अडचण वेगळीच आहे. घरी आजी म्हणायची "बाहेरची", नाहीतर "कावळा शिवला". शाळेत आम्ही म्हणायचो "चम्स", नाहीतर "आय ॲम डाउन". आणि हॉस्टेलवर आल्यावर कळलं की इथे सगळ्याजणी "डेट आली" म्हणतात. तीन ठिकाणी तीन कोडवर्ड! आठवीत एकदा मुलांना ग्राउंडवर पाठवून आम्हाला हॉलमध्ये बसवलं, सॅनिटरी नॅपकिनच्या कंपनीच्या एक बाई आल्या, फिल्म दाखवली, एकेक पाकीट फुकट दिलं आणि "एनी क्वेश्चन्स?" म्हणाल्या. कुणाची टाप होती हात वर करायची! बायॉलॉजीचा तो धडा तर सेल्फ स्टडीलाच होता.

आता मुद्द्यावर येते. गेल्या डिसेंबरमध्ये, ओरल्सच्या आदल्या आठवड्यात, रात्री एक वाजता माझी रूम पार्टनर जर्नल लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "माझी डेट पुढे गेलीय." मी म्हटलं, "जाते गं, टेन्शनमुळे." ती म्हणाली, "एकोणीस दिवस." आणि रडायला लागली. (हे सगळं तिला विचारून लिहितेय. तिने कच्चा लेख वाचून दोन वाक्यं खोडलीसुद्धा.) दिवाळीच्या सुट्टीत तिचा आणि तिच्या मित्राचा संबंध आला होता, एकदाच. त्याला पाच आठवडे होऊन गेले होते. आठ दिवस ती मेसमध्ये ताट घेऊन नुसती बसत होती आणि आम्हाला वाटत होतं, मॅथ्सचं टेन्शन! सगळ्यात वाईट म्हणजे त्या मित्राचा चुलतभाऊ मेडिकलवर कामाला होता आणि "गोळ्यांचं होऊन जाईल, कुणाला कळणार नाही" असा निरोप आला होता. गोळ्या शनिवारी येणार होत्या. टेस्ट मात्र कुणीच केली नव्हती.

इथे थांबून थोडी थिअरी सांगते, कारण ती माहीत असती तर आमचे ते आठ दिवस वाचले असते.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची, म्हणून मला हे असंच समजतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक पल्स जनरेटर आहे. तो साधारण तास-दीड तासाने एका हार्मोनचा छोटा पल्स सोडतो. तो खालच्या पिट्युटरी ग्रंथीला पोचला की ती एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स रक्तात सोडते. त्यांच्यामुळे बीजकोशात एक बीज पिकायला लागतं आणि ते पिकताना इस्ट्रोजेन तयार होतं. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर जाड करतं, आणि वर मेंदूलाही कळवतं, "पुरे, थोडं कमी कर." म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक. पण गंमत पुढे आहे. इस्ट्रोजेन बरंच वाढून दीड-दोन दिवस तसंच वर राहिलं की फीडबॅकचं चिन्हच उलटं होतं! पॉझिटिव्ह फीडबॅक! एलएचची एकदम लाट येते आणि साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडतं. ज्या सरांनी आम्हाला "पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणजे सिस्टिम अनस्टेबल" असं फळ्यावर लिहून दिलं, त्यांना हे सांगायची माझी फार इच्छा आहे.

बीज बाहेर पडल्यावर मागे उरलेला भाग प्रोजेस्टेरॉन तयार करतो. त्याचं आयुष्य जेमतेम दोन आठवड्यांचं. ते संपलं की प्रोजेस्टेरॉन पडतं, अस्तर सुटतं आणि पाळी येते. म्हणजे बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ बराचसा ठरलेला, साधारण १२ ते १४ दिवस. मागेपुढे होतो तो त्याच्या आधीचा भाग. म्हणून "पाळी लांबली" याचा अर्थ बहुतेक वेळा "या महिन्यात बीजच उशिरा सुटलं" किंवा "सुटलंच नाही" असा असतो. परीक्षेचं टेन्शन, जागरणं, मेसच्या भाजीला कंटाळून केलेलं डाएट, झपाट्याने उतरलेलं किंवा वाढलेलं वजन, गॅदरिंगची रोज चार तासांची डान्स प्रॅक्टिस, यातलं काहीही त्या पल्स जनरेटरला मंद करू शकतं. शरीर जणू म्हणतं, सध्या दुष्काळ आहे, हे काम नंतर बघू.

मोबाइलवरचं ॲप लाल गोल दाखवतं तेही नुसत्या मागच्या सरासरीवरून. ॲपला तुमची सबमिशनची तारीख माहीत नसते. ॲपने सांगितलेली तारीख उलटली म्हणजे पाळी चुकलीच असं नाही. मोजायचं कसं, तर रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, तिथपासून पुढची पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. आमच्या विंगमध्ये निम्म्याजणी पाळी संपल्यापासून मोजत होत्या! मोठ्या बायकांमध्ये २१ ते ३५ दिवसांचं चक्र नॉर्मल धरतात. पाळी नुकती सुरू झालेल्या शाळकरी मुलींमध्ये पहिली काही वर्षं ४५ दिवसांपर्यंतही चालतं, कारण ती सगळी सिस्टिम अजून ट्यून व्हायची असते. बरोब्बर २८ दिवस हे पुस्तकात. एखाद्या महिन्यात पाच-सात दिवस इकडेतिकडे झाले तर घाबरायचं कारण नाही.

आता गरोदरपणाचं. गर्भ गर्भाशयात रुजला की तो एचसीजी नावाचं हार्मोन सोडतो. ते प्रोजेस्टेरॉन तयार करणाऱ्या भागाला सांगतं, "थांब, बंद पडू नकोस." म्हणून अस्तर टिकतं आणि पाळी येत नाही. आणि मेडिकलमध्ये मिळणारी प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी नेमकं हेच एचसीजी लघवीत शोधते. त्या पट्टीत बॅटरी नाही की सर्किट नाही. टीपकागद शाई ओढतो तशी ती लघवी पुढे ओढते. वाटेत रंगीत कण चिकटवलेल्या अँटिबॉडीज असतात. एचसीजी असेल तर ते पहिल्या रेषेवर अडकतं आणि रेषा उमटते. दुसरी कंट्रोल रेषा एचसीजी असो-नसो उमटायलाच हवी, ती उमटली नाही तर पट्टीच फुकट गेली असं समजायचं. ही मोनोक्लोनल अँटिबॉडीजची पद्धत १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी शोधली आणि त्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं. त्याच्याही कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, बाईची लघवी उंदराच्या मादीला टोचून काही दिवसांनी उंदीर कापून बघायचे! घरी करायच्या टेस्टचं पहिलं डिझाइन १९६७ मध्ये मार्गारेट क्रेन या ग्राफिक डिझायनर बाईने केलं. कंपनीतल्या साहेब लोकांना कल्पना पटत नव्हती म्हणे.

टेस्ट करायची कधी? पाळीची तारीख उलटल्यावर. पण जिची पाळी मुळातच अनियमित आहे तिने तारखेच्या भानगडीत पडू नये. शेवटचा संबंध आल्यापासून २१ दिवस मोजावेत आणि मग टेस्ट करावी, तेव्हाचं उत्तर भरवशाचं. त्याआधी निगेटिव्ह आली तर ते "अजून कळत नाही" असं वाचायचं. सकाळची पहिली लघवी चांगली. पाकिटावर दिलेल्या वेळातच रेषा बघायची, तासाभराने कचऱ्यातून काढून पुन्हा बघू नये, वाळल्यावर खोटी पुसट रेषा दिसू शकते. निगेटिव्ह येऊनही पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा करायची. पट्टी शंभर रुपयांच्या आत मिळते, आणि सरकारी आरोग्य केंद्रांतून, आशाताईंकडून "निश्चय" नावाचं किटही मिळतं.

आणि हो, ज्यांचा संबंधच आलेला नाही त्यांना गरोदर राहायची भीती नको. हसू नका! आमच्याच विंगमधल्या एका हुशार मुलीने मला खरोखर विचारलं होतं की स्विमिंग पूलमधून काही होतं का. नाही होत. पूलमधून नाही, टॉयलेट सीटवरून नाही, कुणाच्या टॉवेलने नाही, किस केल्याने नाही. जिला बारावीत बायॉलॉजीला नव्वदच्या वर मार्क होते तिला हे माहीत नाही, मग चूक तिची म्हणायची का?

तर आमची पट्टी. मेडिकलवाल्याने ती आधी वर्तमानपत्रात गुंडाळली, मग काळ्या पिशवीत घातली, आणि पैसे परत देताना आमच्याकडे बघितलं नाही. पहाटे पाच वाजता, गीझरच्या रांगेआधी, तिने टेस्ट केली. मी बाथरूमच्या बाहेर बादली घेऊन उभी. पाच मिनिटं काय असतात ते मला त्या दिवशी कळलं. एकच रेषा, कंट्रोलची. पुढच्या आठवड्यात पुन्हा केली, पुन्हा एकच.

शनिवारी गोळ्या आल्या त्या तिने परत पाठवल्या. त्या घेतल्या असत्या तर? गर्भपाताच्या गोळ्यांबद्दल ज्येष्ठ मैत्रिणींनी खूप काही ऐकवलं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. त्या गोळ्या वाईट नाहीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या सुरक्षित आहेत. पण कायद्याने त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नाहीत, आणि त्याला कारण आहे. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत रुजलेला असेल तर त्या काम करत नाहीत, आणि बाई "झालं, सुटले" म्हणून निश्चिंत राहते. नळी फुटली तर जीव जाऊ शकतो. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय किंवा खांदा दुखतोय, असं कुणाचं झालं तर गेटपास वगैरे न बघता रिक्षात घालून तडक हॉस्पिटल गाठायचं. मग ती संबंध आलाच नाही म्हणत असली तरीही.

दुसऱ्या एका गोळीचा आणि हिचा घोळ करू नका. ७२ तासांच्या आत घ्यायची जी गोळी असते ती गर्भपात करत नाही, ती बीज सुटणं पुढे ढकलते. जितक्या लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. ती घेतल्यावर पुढची पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते आणि मग पुन्हा टेन्शन! दर महिन्याला घ्यायची ती गोळी नव्हे. तिसरी गोळी तर घराघरात असते, गणपतीला, लग्नाला, ट्रिपला "डेट पुढे ढकलायची". तीही कधीतरी, डॉक्टरांना विचारून ठीक आहे. पण तिने गर्भ राहायचा थांबत नाही, आणि ज्यांना पायात किंवा छातीत रक्ताची गाठ होण्याचा त्रास झालाय किंवा घरात कुणाला होता, त्यांनी तर अजिबात आपल्या मनाने घेऊ नये. मेडिकलवाले काका डॉक्टर नसतात.

निगेटिव्ह आल्यावर आम्ही वडापाव खाल्ला आणि विषय संपला असं समजलो. पण पाळी काही येईना. साठ दिवस झाले. मग नीट बघितल्यावर लक्षात आलं, तिला सतत थंडी वाजते, केस मूठभर गळतात, वजन वाढतंय, लेक्चरला डुलक्या लागतात. हे सगळं आम्ही टेन्शनच्या खात्यात टाकलं होतं. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. गेटपासवर "कारण" या रकान्यात तिने "डेंटिस्ट" लिहिलं.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने भर हॉलमध्ये विचारलं, "मिसेस लावू की मिस?" सगळ्या माना वळल्या. त्या क्षणी परत जायची वेळ आली होती. पण आत डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची पाळी कधी आली?" ती म्हणाली, "दसऱ्याच्या आसपास." मॅडम हसल्या, "बाळा, दसरा दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. मला तारीख सांग." मग मला पाच मिनिटं बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलल्या. संबंधांबद्दल विचारलं ते त्यासाठीच, आणि आवाज न चढवता. खरं सांगावं. त्यांना आपलं चारित्र्य तपासायचं नसतं, कोणती टेस्ट आधी करायची ते ठरवायचं असतं. ज्यांना आतून तपासणीची भीती वाटते त्यांच्यासाठी, संबंध न आलेल्या मुलीची तशी तपासणी सहसा करत नाहीत, आणि कुणाचीही तिला विचारल्याशिवाय करता येत नाही. सोनोग्राफी पोटावरूनच झाली. त्यासाठी लघवी तुंबवून ठेवावी लागते. सहा ग्लास पाणी पिऊन रिक्षातून स्पीडब्रेकर पार करणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वात मोठं शारीरिक दुःख!

रिपोर्ट आला. टीएसएच बराच वाढलेला, म्हणजे थायरॉइड कमी काम करतंय. थायरॉइड मंदावलं की प्रोलॅक्टिन वाढू शकतं, आणि प्रोलॅक्टिन तो वरचा पल्स जनरेटर दाबून टाकतं. एक लूप बिघडला आणि शेजारचा बंद पडला. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी, मग अर्धा तास चहा नाही. तिच्या मते थायरॉइडपेक्षा हे चहाचं जास्त कठीण आहे.

पीसीओएसबद्दल सगळ्याजणी विचारतील म्हणून लिहिते. पाळी लांबते, हनुवटीवर-ओठांवर दाट केस येतात, पिंपल्स जात नाहीत, वजन वाढतं, मानेवर काळसर पट्टा येतो, अशी लक्षणं असतील तर दाखवून घ्या. १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी याचं पहिलं वर्णन केलं. नावात सिस्ट असलं तरी त्या गाठी नसतात, अर्धवट पिकून थांबलेली बीजं असतात. आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पहिल्या पाळीपासून ८ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, कारण तरुण मुलींचे बीजकोश तसे दिसतातच. तेव्हा आपल्या वयात नुसता सोनोग्राफीचा कागद बघून "मला मूल होणार नाही" म्हणून रडायला बसू नका. पीसीओएस असलेल्या कितीतरी जणींना मुलं होतात.

मग जायचं कधी? तीन महिने पाळी आली नाही, आणि टेस्ट निगेटिव्ह आहे, तर नक्की जा. टेस्ट पॉझिटिव्ह असेल तर त्याच दिवशी. दर वेळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ च्या पुढे जात असेल, आठ दिवसांहून जास्त चालत असेल, तासाला एक पॅड भिजून पुढच्या तासालाही तेच होत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, स्तनातून दुधासारखं पाणी येत असेल, तर वाट बघू नका. धाकटी बहीण १५ वर्षांची झाली आणि पाळी आलीच नसेल तर तिलाही न्या. दुखण्याचं म्हणाल तर थोडं दुखतं, पण दर महिन्याला लेक्चर बुडवून गडाबडा लोळावं लागत असेल तर ते "बायकांचं असतंच" म्हणून सोडायचं नाही. आणि रक्त जास्त जाणाऱ्यांनी हिमोग्लोबिन बघाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. म्हणजे आमच्या मेसच्या रांगेत दर दोघींत एक धरा!

घरी कळेल ही भीती सगळ्यात मोठी, म्हणून कायद्याचं थोडक्यात. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला आणि "विवाहित स्त्री आणि तिचा पती" ऐवजी "स्त्री आणि तिचा जोडीदार" असे शब्द आले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात अविवाहित मुलींना वेगळं काढता येणार नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलीची स्वतःची संमती पुरते, आईवडिलांची किंवा नवऱ्याची सही लागत नाही, आणि डॉक्टरांनी तिचं नाव बाहेर सांगणं हा गुन्हा आहे. अठराच्या आतल्या मुलीसाठी मात्र पालकांची संमती लागते. १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत "मैत्री" क्लिनिक असतात, फर्स्ट इयरवाल्यांनी लक्षात ठेवा.

हॉस्टेलवर एक समज पक्का आहे की एकत्र राहिल्यावर सगळ्यांच्या डेट एकत्र येतात. हे खूळ खरोखर हॉस्टेलमधूनच निघालं. १९७१ मध्ये मार्था मॅक्लिन्टॉक यांनी अमेरिकेतल्या एका मुलींच्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या १३५ जणींच्या तारखा मांडून तसा निष्कर्ष काढला. पण २००६ मध्ये यांग आणि शँक यांनी चीनमधल्या वसतिगृहातल्या १८६ जणींच्या तारखा तपासल्या आणि असं काही होत नाही असं दाखवलं. वेगवेगळ्या पिरियडचे सिग्नल मधूनमधून एकमेकांवर येतातच, बीट्स आठवतात ना फिजिक्समधले? तेव्हा "तुझ्यामुळे माझी डेट लांबली" हे भांडण यापुढे बंद.

कॉन्व्हेंटमुळे मला र. धों. कर्वे कोण हे माहीतच नव्हतं, संपादकानेच सांगितलं. डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक! १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कामापायी नोकरी गेली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं, कोर्टकचेऱ्या सोसून. शंभर वर्षं होत आली आणि आम्ही अजून काळ्या पिशवीतच आहोत. तसे काही गणिताच्या प्राध्यापकांना आमच्या पाळीचं नाही तरी आमच्या अटेंडन्सचं फार वाटतं, त्यांनीही हा लेख वाचावा.

फेब्रुवारीत तिची पाळी आली, नेमकी युनिट टेस्टच्या दिवशी. पॅड मागत ती सहा खोल्या फिरली आणि प्रत्येकीला मिठी मारून आली. आता आमच्या कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर आहे, तिचं निळ्या पेनने, माझं हिरव्या. मागच्या तीन नोंदी ३४, ३१, ३२.

गेल्या महिन्यात फॉलोअपला जाताना तिने गेटपासवर "कारण" मध्ये "स्त्रीरोगतज्ञ" असं लिहिलं. रेक्टर मॅडमनी चष्मा लावला, वाचलं, आमच्याकडे बघितलं. आम्ही श्वास धरून उभ्या. मॅडमनी लाल पेन काढलं, तज्ञचं "तज्ज्ञ" केलं आणि खाली सही ठोकली.